देणारं माप आणि घेणारं माप

कुंभाराचं सगळ्यात नेमाचं गिऱ्हाईक जे मडकं घ्यायचं, ते त्याच दिवशी फोडून टाकायचं.

गिऱ्हाईक म्हणजे एक बाई. पन्नाशी उलटलेली, गुडघ्यांनी वैतागलेली, पण आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली कुत्री दचकून उठावीत. पूर्वी ती डोंगरावर नुसत्या शेळ्या राखायची. सोळा वर्षांपूर्वी एके दिवशी धार काढताना परमेश्वर तिच्याशी बोलला आणि ती संदेष्ट्री झाली. इब्री म्हणजे जुन्या यहुदी लोकांत त्या काळी असे संदेष्टे अधूनमधून निघत. परमेश्वरानं कानात सांगितलेलं चारचौघांत मोठ्यानं सांगायचं, हे त्यांचं काम. आणि परमेश्वराचं म्हणणं बहुधा राजाबद्दल नाहीतर राजाच्या माणसांबद्दल असायचं, त्यामुळे या धंद्यात कुणाची भरभराट झाल्याचं ऐकिवात नव्हतं.

दर बाजाराच्या दिवशी ती कुंभाराच्या दुकानात यायची. पानात गुंडाळलेला लोण्याचा गोळा त्याच्यापुढे ठेवायची, एक ठणठणीत मडकं निवडायची, ते काखेत मारून गावच्या वेशीपाशी जायची आणि दगडावर आपटायची. "गरिबाला लुबाडणाऱ्यांनो, असेच तुकडे होतील तुमचे!" असं ओरडायची आणि घरी जायची.

पहिल्या दोन-तीन खेपांना कुंभाराच्या जिवाला फार लागलं. चौथ्या खेपेला त्यानं कोपऱ्यातलं एक मडकं पुढे केलं.

"बाई, फोडायचंच आहे ना, मग हे न्या की. याला इथे चीर गेलीये. निम्म्या लोण्यात देतो."

"फुटकं मडकं फोडून लोकांना काय कळणार?"

"फुटलं, हे कळेल."

"ते तर आधीच फुटलेलं होतं. चांगलं फुटलं पाहिजे. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, अरेरे, केवढं सुरेख होतं!"

'केवढं सुरेख होतं' हे शब्द कानावर पडले आणि कुंभार विरघळला. त्या दिवसापासून तो तिच्यासाठी एक देखणं मडकं मुद्दाम बाजूला काढून ठेवू लागला.

हा त्याचा जुना आजार होता. माणूस सरळ होता, कष्टाळू होता, बायकोच्या शब्दाबाहेर नव्हता, धाकट्या बहिणीवर जीव टाकायचा. पण कुणी त्याच्या हाताची तारीफ केली की त्याच्या डोक्यातला दिवा विझायचा. गावातल्या हुशार बायका घागर घेण्याआधी "अगंबाई, काठ काय काढलाय!" असं म्हणून झाकण फुकट घेऊन जात. बायको मागून डोळे वटारायची, तोवर झाकण गेलेलं असायचं.

आणि एक दिवस कारभारी दुकानात आला.

गावात राजाचं कोठार होतं. सुगीच्या वेळी प्रत्येक घरानं पिकातला ठरलेला वाटा तिथे भरायचा आणि टंचाईच्या महिन्यांत राजानं त्यातूनच माणशी ठरलेली मापं परत द्यायची, अशी रीत होती. या कोठाराचा मुख्य म्हणजे कारभारी. गोरापान, गुळगुळीत, बोलायला इतका गोड की माणूस निघून गेल्यावर बराच वेळ ओठ चाटावेसे वाटत. बोटात राजाची मोहोर असलेली अंगठी होती आणि ती सगळ्यांना दिसावी म्हणून तो हात नेहमी पोटावर ठेवायचा.

"तुझ्यासारखा हात सबंध मुलखात नाही," कारभारी बसता बसता म्हणाला.

मागच्या खोलीत बायकोनं कपाळावर हात मारला.

"कोठाराचं जुनं माप फुटलं. नवीन हवंय. म्हणजे, तसं म्हटलं तर दोन हवीत."

"दोन? मोहोरेचं माप गावात एकच असतं ना, कारभारी?"

"लोकांना एकच दिसेल. एक घ्यायच्या वेळी बाहेर येईल, एक द्यायच्या वेळी. घेणारं जरा खाऊनपिऊन सुखी असावं. देणारं जरा कमी जेवणारं. पण बाहेरून बघितलं तर त्यांना जन्म देणाऱ्यालाही ओळखता येऊ नयेत." कारभारी हसला. "जमेल का रे? नसेल तर सांग. शेजारच्या गावातही कुंभार आहे."

कुंभाराला सगळं कळलं. न कळायला तो काही दुधखुळा नव्हता. आता आपण नाही म्हणणार, असं त्याला वाटलंसुद्धा. पण तोंड उघडलं तेव्हा बाहेर पडलं ते भलतंच.

"वजनाचं काय?"

"काय?"

"आत माती जास्त घातली तर देणारं माप जड होईल. उचलणाऱ्याच्या हाताला फरक कळेल. तो कळू द्यायचा नसेल तर..." आणि त्याचे डोळे वर छताकडे गेले. तिथे त्याला ती दोन मापं दिसायलाही लागली होती.

जाता जाता कारभाऱ्यानं आणखी एक गोड गोष्ट सांगितली. राजाचा उन्हाळी महाल डोंगरावर बांधला जात होता आणि प्रत्येक घरातल्या एका पुरुषानं वर्षातून एक महिना तिथे फुकट दगड वाहायचे, असा हुकूम होता. त्या वेठीतून कुंभाराचं नाव कायमचं काढलं जाणार होतं. "तुझी पाठ आता आमची," असं म्हणून कारभाऱ्यानं ती थोपटलीही.

पुढचे नऊ दिवस कुंभार दहा हाका मारल्यावर जेवायला यायचा. दोन मापं चुकली, ती त्यानं मोडली. मग रस्ता सापडला. देणाऱ्या मापाच्या मातीत त्यानं बारीक भुसा मळला. भट्टीत भुसा जळून जातो आणि माती आतून भुसभुशीत, हलकी होते. त्यामुळे बूड चार बोटं जाड ठेवलं तरी वजन वाढलं नाही. घेणाऱ्या मापाला त्यानं रेतीची जड माती वापरली, भिंती पातळ ओढल्या. भुशाची माती भट्टीत वेगळी आकसते, रेतीची वेगळी, म्हणून कच्चं माप घेताना दोघांचे हिशेब वेगळे धरले. ओल्या काठावर कारभाऱ्यानं स्वतः येऊन अंगठी दाबली, आधी एकावर, मग दुसऱ्यावर. भट्टी उघडली तेव्हा आत एकाच पोटातून आल्यासारखी दोन मापं उभी होती.

कुंभार त्यांच्यासमोर उकिडवा बसला. त्याच्या बापालाही हे जमलं नसतं, आज्यालाही नाही. आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हातून झालं होतं आणि ते दाखवायला जगात एक माणूस नव्हता.

बायको बाहेर आली. तिनं एका मापात हात घातला. मग दुसऱ्यात घातला.

"अहो, यात माझं कोपर बुडतं. यात नाही बुडत."

"हं."

"दिसायला तर सारखी आहेत."

"दिसायला सारखी आहेत ना?" कुंभार उजळून म्हणाला. "अगदी सारखी? नीट बघ ना!"

बायकोनं त्याच्याकडे नीट बघितलं, मापांकडे नाही. मग ती आत गेली. त्या दिवसापासून तिनं त्याला ताट वाढलं, पण 'आणखी हवं का' हे विचारणं बंद केलं.

सुगी आली. घेणारं माप बाहेर आलं आणि लोकांची पोती भराभर रिकामी झाली. जो तो म्हणाला, यंदा पीकच कमी आलं असणार. मग टंचाईचे महिने आले, देणारं माप बाहेर आलं, आणि घरोघरी पोती वेळेआधीच बूड दाखवू लागली. जो तो म्हणाला, पोरं वाढत्या वयाची आहेत, जास्त खातात.

लोकांच्या या समजुतीला खतपाणी घालायला एक माणूस नेमलेलाच होता. राजाच्या पदरी पगारी संदेष्टेही असत आणि त्यातला एक कोठारासाठी पाठवलेला होता. दाढीला तेल, अंगावर मऊ लोकरीचा झगा. वाटपाच्या दिवशी तो ओट्यावर उभा राहून सांगायचा, "सगळं कुशल आहे! परमेश्वर म्हणतो, माप तेच आहे, तुमची भूक वाढली आहे. भूक आवरा!" लोक माना डोलवायचे. झगा खरोखरच फार मऊ होता.

कुंभाराची धाकटी बहीण समोरच्याच गल्लीत राहायची. नवरा मेंढरांमागे डोंगरावर, घरात तीन मुलं. कुंभार अधूनमधून तिच्याकडे जेवायचा. एक दिवस तिनं त्याच्यापुढे भाकरी ठेवली ती इतकी पातळ की तिच्यातून ताटाचं नक्षीकाम दिसावं.

"दादा, मला काही कळत नाहीये," ती म्हणाली. "चार मापं आणते. गेल्या साली चार मापांत महिना निघायचा. आता विसाव्या दिवशी पोत्यात हात घातला की तळ लागतो. माझ्या हाताला बरकत राहिली नाही बघ."

"तुझ्या हाताला काय झालंय?"

"मग दुसरं काय असणार?"

"मला भूक नाही," म्हणून कुंभारानं भाकरी परत ठेवली आणि बहिणीनं ती तीन मुलांना फाडून वाटली. घरी येताना तो वाटेत दोनदा थांबला. एकदा वाटलं परत जावं, एकदा वाटलं कारभाऱ्याकडे जावं. शेवटी तो आपल्या चाकापाशी गेला आणि नको असलेली सतरा झाकणं केली.

त्याच आठवड्यात संदेष्ट्री दुकानात आली, पण मडकं न निवडताच खाली बसली. गुडघे चोळू लागली.

"आज काय, फोडायचं नाही?" कुंभारानं विचारलं.

"काय करू फोडून? गेल्या खेपेला वेशीपाशी लोक आधीच जमले होते. बसायला चटया घेऊन. मी मडकं आपटलं, तर टाळ्या पडल्या. एक जण म्हणाला, एकदा पुन्हा! मी त्यांना सर्वनाश सांगतेय आणि ते म्हणतात एकदा पुन्हा!"

"आवाज चांगला येतो हो मडक्याचा," कुंभार अभिमानानं म्हणाला. "भाजणी नीट असली की येतो."

"कोठारात काहीतरी पाप आहे, हे मला माहीत आहे. 'धिक्कार कर' असं रोज कानात येतंय. म्हटलं, अरे देवा, कसलं पाप, कुणाचं, जरा तपशील दे. तर नाही. बारीकसारीक सांगायची त्याला सवयच नाही. सगळं मोघम."

कुंभार चाक फिरवत राहिला.

"चूक तुझीही आहे म्हणा," ती उसासा टाकून म्हणाली.

"माझी?" चाक थांबलं.

"मडकी तुझी ठीक असतात. वापरायला बरी. पण बघून काळजात काही हललं पाहिजे, तसं त्यात काही नाही. तू आपला मधला कुंभार. ना चांगला, ना वाईट."

ती हे मुद्दाम बोलली की सहज, हे कुंभाराला पुढे कधीच कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही. त्या क्षणी एवढंच झालं, की त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मधला? मी मधला? बाई, या हातांनी काय केलंय माहीत आहे तुम्हाला? दोन मापं! बाहेरून एक, आतून दोन! एकाचं बूड चार बोटं जाड, आणि तरी वजनाला गव्हाच्या दाण्याइतका फरक नाही! भुसा मळला मातीत, भुसा! कुणाच्या बापाला सुचलं असतं? आकसणं वेगळं, रंग वेगळा येतो, तो जुळवायला लाल मातीचा हात दिला. सबंध गाव आठ महिने त्याकडे बघतंय, एकाला पत्ता नाही, आणि तुम्ही मला..."

इथे त्याला आपलं बोलणं ऐकू आलं.

मागच्या खोलीत काहीतरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

संदेष्ट्रीनं गुडघे चोळणं थांबवलं. मग म्हणाली, "लाल मातीचा हात म्हणजे? नुसता वरून फिरवायचा का?"

"नाही, पातळ करून, दोनदा," कुंभार म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. आणि पहिल्यांदाच, सांगून झाल्यावर, त्याला त्या पातळ भाकरीखालचं ताटाचं नक्षीकाम दिसलं.

"माझ्या बहिणीला वाटतं, तिच्या हाताला बरकत नाही," तो म्हणाला.

"वाटप उद्या आहे ना?"

"बाई, माझं नाव नका घेऊ. ते मला सोडणार नाहीत."

"मी कुणाचं नाव घेत नाही," संदेष्ट्री भिंतीला धरून उठत म्हणाली. "मी फक्त फोडते."

दुसऱ्या दिवशी कोठारासमोर रांग लागली होती. कुंभाराचं तिथे काही काम नव्हतं, पण घरात बसवेना. तो रांगेच्या कडेला उभा राहिला. बायको शेजारी येऊन उभी राहिली. समोर बहिणीची पाळी आली. कोठारातल्या माणसानं चार मापं जव तिच्या पोत्यात ओतला. तिनं पोत्याला गाठ मारली, तेवढ्यात मागून संदेष्ट्री आली, गुडघेदुखी वगैरे काही नाही अशी आली, तिनं ते माप उचललं आणि पायरीच्या दगडावर आपटलं.

टाळ्या वाजवायला वर झालेले दोन-तीन हात वरच राहिले. माप फुटलं, पण मडक्यासारखे त्याचे तुकडे उडाले नाहीत. भिंती फुटल्या आणि बूड तसंच, जात्याच्या दगडासारखं, ओट्यावरून गरगरत लोकांच्या पायाशी जाऊन पडलं. चार बोटं जाड. एका म्हातारीनं ते उचललं, बोटं लावून मोजलं आणि पुढच्याच्या हातात दिलं. रांगेतून ते हातोहात मागे जाऊ लागलं आणि ते जाईल तिथे माणसं गप्प होऊ लागली.

कारभारी बाहेर आला. त्यानं बूड पाहिलं, लोक पाहिले. आणि हसला. मोठा हुशार माणूस होता.

"अरे अरे! हे बघा आपल्या कुंभाराचं काम!" तो म्हणाला. "बूड काढताना हात जड पडला वाटतं. चांगला आहे बिचारा, पण मापासारखं बारीक काम त्याच्या आवाक्याबाहेरचं. चूक माझी, मी अशा माणसाला सांगायला नको होतं."

"सगळं कुशल आहे!" पगारी संदेष्टा लगेच म्हणाला. "कुंभाराची चूक! क्षमा करा त्याला!"

लोकांनी कुंभाराकडे बघितलं. कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. राग येण्यापेक्षा हसणं सोपं होतं. "बूड सांभाळ रे बाबा!" कुणीतरी ओरडलं.

वाचण्याची वाट समोर स्वच्छ पडली होती. कुंभारानं फक्त मान खाली घालून उभं राहायचं होतं. चार दिवस लोकांनी हसायचं, नवीन माप यायचं, वेठ माफच राहायची. त्यानं संदेष्ट्रीकडे पाहिलं. दोन शिपायांनी तिचे दंड धरले होते आणि ती आकाशाकडे बघत होती. शब्द दिल्याप्रमाणे तिनं त्याचं नाव घेतलं नव्हतं, साधी नजरही टाकली नव्हती. त्यानं बहिणीकडे पाहिलं. ती एकटी हसत नव्हती. उलट हसणाऱ्यांवर चिडून म्हणत होती, "हसायला काय झालं? माझ्या दादाच्या हातून अशी चूक होणारच नाही!"

हे त्याला सहन झालं नाही. चांगुलपणानं की अहंकारानं, याचा निकाल तो पुढेही कधी लावू शकला नाही. दोन्हींनी एकदमच त्याला मागून ढकललं.

"चूक?" तो ओरडला. "ही चूक आहे? थांबा!"

आणि तो कारभाऱ्याच्या बगलेखालून कोठारात घुसला. माप कुठे असेल, हे त्याला माहीत नव्हतं, पण आपलं लेकरू माणसाला सापडतं. मागच्या खोलीत घोंगडीखाली ते होतं. शिपाई बाईला धरून बसले होते, त्यांना हात मोकळे करायला वेळ लागला. तोवर तो घेणारं माप डोक्यावर घेऊन ओट्यावर आला होता.

"हे बघा! काठ तोच, मोहोर तीच! सुगीला तुम्ही यात भरलंत आणि मिळालं त्या दुसऱ्यात. चूक नाही झाली माझी. मला जे सांगितलं, ते मी केलं. दाण्याइतकंही चुकलो नाही. अगं, तुझं पोतं आण इकडे."

बहीण पोतं घेऊन आली. आता कोठारासमोर इतकं शांत होतं की जव ओतल्याचा सळसळाट शेवटच्या माणसापर्यंत गेला. एक माप भरलं. ते खाली अंथरलेल्या चादरीवर रिकामं करून दुसरं भरलं. तिसरं निम्म्यावर आलं आणि पोतं संपलं. बहिणीनं पोतं उलटं करून झटकलं. तीन दाणे पडले.

ती मापाकडे बघत राहिली. मग तिनं वर पाहिलं.

"दादा, हे तू केलंस?"

"हो," कुंभार म्हणाला. सबंध आठ महिने त्याला हेच कुणीतरी विचारावं असं वाटत होतं.

बहिणीनं पोत्याची घडी केली, ती काखेत घेतली आणि चादरीवरचा जव तिथेच सोडून ती घरी निघून गेली. कुंभाराच्या बायकोनं तो मुकाट्यानं गोळा केला आणि तिच्या मागून नेऊन दिला.

मग मात्र एकच गदारोळ झाला. जो तो आपलं पोतं घेऊन मापाकडे धावला. ओत, मोज, किती कमी, माझं किती, सुगीचं किती! कारभारी मागच्या दारानं गेला, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. संदेष्ट्रीला धरणारे शिपाईसुद्धा आपापल्या घरचा हिशेब विचारायला पुढे गेले. आता हीच वेळ आहे, हे ओळखून ती ओट्यावर चढली.

"ऐका! परमेश्वर म्हणतो..."

"जरा थांबा बाई, मोजू द्या!"

"अरे, सोळा वर्षं ज्याची वाट..."

"बाई, उजेड अडतोय, सरका थोड्या!"

ती सरकली. एका पोत्यावर बसली आणि गुडघे चोळू लागली. तिच्याजवळ तयार असलेलं मोठं भाषण त्या दिवशी राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी राजाच्या मालमत्तेची नासधूस केली म्हणून तिला पकडून गावाबाहेरच्या कोरड्या टाक्यात उतरवण्यात आलं. ती तिथे तीन दिवस होती. लोकांनी दोरीनं इतकी भाकरी, इतकं दूध आणि इतकी अंजिरं खाली सोडली की चौथ्या दिवशी तिला वर ओढायला दोन माणसं जास्त लागली. गावानं तिला गावातच राहायचा आग्रह केला, एक खोलीही देऊ केली. ती पहाटेच शेळ्या घेऊन पुढच्या गावाला गेली. ती बोलताना लोक इतकं लक्ष देऊन ऐकायला लागले की तिला सुधरत नाही, असं तिनं कुंभाराच्या बायकोला जाता जाता सांगितलं.

कारभाऱ्याची बदली झाली. याहून मोठ्या कोठारावर. निघण्याआधी कुंभाराचं नाव त्यानं वेठीच्या यादीत परत घातलं, एका महिन्याच्या जागी तीन महिने करून. पगारी संदेष्ट्यानं पुढच्याच वाटपाला जाहीर केलं, की हे सगळं होणार हे परमेश्वरानं त्याला आधीच सांगितलं होतं. गावातल्या जाणत्यांनी मात्र राजाच्या नव्या माणसाला बजावलं, की यापुढे माप मातीचं नको. त्यांनी वेशीपाशी एका दगडालाच खोदून माप केलं. ते कुणाला हलवता येत नव्हतं आणि बदलताही येत नव्हतं.

कुंभारानं तीन महिने दगड वाहिले. परत आला तेव्हा त्याचे तळहात फाटलेले होते आणि बोटं पूर्ण मिटत नव्हती. दुकान उघडलं, पण चाकावर माती धरवेना. गिऱ्हाइकं आली, तीही मडक्याची तारीफ करायला नाही. प्रत्येक बाई बुडावर टिचक्या मारून, आत हात घालून, उलटं करून बघायची आणि मगच बोलायची. बायको आता ताटावर 'आणखी हवं का' म्हणून विचारत होती, एवढं सुख होतं.

बहीण बोलत नव्हती. समोरच्या गल्लीतून जाताना ती पदर सारखा करायची आणि पुढे बघायची.

एका सकाळी ती दुकानात आली. त्याच्याकडे न बघता कोपऱ्यातल्या मातीच्या ढिगापाशी गेली, बाह्या वर सारल्या, पाणी ओतलं आणि माती मळायला बसली. लहानपणी बापाच्या हाताखाली दोघं मळायची, तशी. कुंभार चाकापाशी हात मांडीवर ठेवून बसला होता. त्यानं बराच वेळ तोंड बंद ठेवलं. पण ती आणखी पाणी ओतायला लागली, तेव्हा त्याला राहवलं नाही.

"जास्त ओली होतेय."

"मग ये आणि तूच कर," बहीण म्हणाली.

ते दोघांमधलं पाच महिन्यांतलं पहिलं बोलणं होतं. कुंभार उठला, तिच्या शेजारी बसला आणि दुखऱ्या हातांनी माती दाबू लागला.

"तिकडनं दाब," ती म्हणाली. "माझ्या बाजूला येऊ नकोस."

"बरं," तो म्हणाला, आणि दाबत राहिला.